घाट उतरला की विद्यापीठ बदलतं

ओतूर सोडलं की एसटी मढला थांबते. पुढे पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसायला लागतं, खुबी फाटा मागे पडतो आणि माळशेज घाट सुरू होतो. घाट उतरून गाडी मुरबाडला, तिथून कल्याणला. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला हा रस्ता पाठ असतो, कारण घरटी एखादा तरी मुंबईला असतोच. मुंबईचे डबेवाले मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातलेच. अशा घरातला मुलगा बारावीनंतर गावाकडच्या कॉलेजात एफ.वाय. करतो आणि मे महिन्यात वडिलांचा फोन येतो, ‘खोलीची सोय झालीय, एस.वाय.ला इकडंच ये.’

घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘किती पडले?’ आकडा बरा असला की सगळे निर्धास्त. चांगले मार्क आहेत, कुठलंही कॉलेज घेईल. पण कॉलेजच्या खिडकीवरचे बाबू तो आकडा आधी बघतच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळं क्लिअर आहे का?’ आणि दुसरा, ‘पॅटर्न कुठला?’ या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आली, तरच तिसरा प्रश्न टक्केवारीचा. कित्येकदा तिथवर पाळी येतच नाही.

आधी ‘क्लिअर’चं बघू. आपल्याकडे नापास होण्याला बरेच पदर आहेत. कोणी म्हणतं विषय राहिला, कोणी बॅक लागला, मुंबईकडचं पोर म्हणतं केटी लागली, आणि इंजिनिअरिंगचा मुलगा खालमानेनं सांगतो, ‘वायडी झालो.’ वायडी म्हणजे इयर डाउन, अख्खं वर्ष गेलं. केटी हे एटीकेटीचं आणखी लहान रूप आणि एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. बहुतेकांना हा नापासाचा शिक्का वाटतो. शब्दशः पाहिलं तर ती सवलत आहे: तुझे काही विषय राहिलेत, तरी तुला पुढच्या वर्गाच्या टर्म भरू देतो. इंग्रजी अमदानीत विद्यार्थ्याने ‘टर्म’ ठेवायची, म्हणजे ठरलेले दिवस हजर राहून सत्र भरायचं, आणि मग परीक्षेला बसायचं, अशी रीत होती. तो शब्द अजून आपल्या मार्कलिस्टला चिकटून आहे.

पुणे विद्यापीठाच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अलीकडच्या नियमांत पहिल्या वर्षाची निदान निम्मी क्रेडिट मिळवलेल्याला दुसऱ्या वर्षात बसता येतं. तिसऱ्या वर्षात जाताना मात्र पहिल्या वर्षातलं काहीही मागे राहिलेलं चालत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात वर्षाला साधारण ४४ क्रेडिट असतात, म्हणजे २२ मिळाली की गाडी पुढे सरकते. पण ही सवलत विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याला दिलेली आहे. दुसऱ्या विद्यापीठाने तुमची थकबाकी का म्हणून घ्यावी? राहिलेला विषय पुणे विद्यापीठाचा, त्याची परीक्षा पुणे विद्यापीठच घेणार. माळशेजच्या खाली बसून तो पेपर सोडवायचा कसा आणि त्याचे गुण मुंबईच्या गुणपत्रिकेत चढवायचे कुणी? म्हणून बाहेरच्या विद्यापीठात जाताना एक बॅक पन्नास चांगल्या मार्कांना भारी पडतो.

गणित मांडून बघा. समजा, दोघी मैत्रिणी एकाच वर्गात आहेत, सत्राला २२ क्रेडिट. दहा अंकी श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, नुसतं पास ४ आणि नापास शून्य. विषयाची क्रेडिट आणि श्रेणीचा अंक यांचा गुणाकार करायचा, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. झाला एसजीपीए. पहिलीला १० क्रेडिटना बी प्लस, ८ ना बी आणि ४ ना सी. ७० अधिक ४८ अधिक २०, एकूण १३८. भागिले २२, म्हणजे ६.२७. बेताचीच. दुसरी हुशार. १८ क्रेडिटना ए प्लस, १६२ अंक. फक्त चार क्रेडिटचा एक विषय राहिला, त्याचं शून्य. कागदावर आकडेमोड केली तर १६२ भागिले २२, म्हणजे ७.३६. आकडा दुसरीचा मोठा, पण घाट उतरून जाता येईल ते पहिलीला. हुशार मुलीला हे समजावणं कठीण जातं. तिच्या आईला त्याहून कठीण.

अशा वेळी ती रिव्हॅल्युएशनला टाकते. तो निकाल येईस्तोवर प्रवेशाच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. चार मार्क वाढून ती पास होते तेव्हा नव्या कॉलेजात पहिली अंतर्गत परीक्षा सुरू असते. यात तिचा काय दोष, असं विचारण्यात अर्थ नाही. विद्यापीठांची वेळापत्रकं एकमेकांना विचारून ठरत नाहीत.

माळशेजची ही हद्द कायमची नाही, हेही सांगितलं पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये निघालं तेही मुंबई विद्यापीठाखालीच. म्हणजे पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन होईपर्यंत जुन्नरचा मुलगा पुण्यात शिकला काय किंवा मुंबईत, विद्यापीठ एकच होतं. पुढे उलटं झालं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा तिकडे गेलं. १९९० मध्ये जळगावचं विद्यापीठ झालं आणि खानदेश वेगळा झाला. पुण्याकडे आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. म्हणून आळेफाट्यावरून नाशिकच्या रस्त्याला लागून संगमनेरच्या कॉलेजात नाव घातलं तर जिल्हा बदलतो, विद्यापीठ नाही. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक, तोच राहतो. मुरबाडला गेलं तर मायग्रेशन सर्टिफिकेट काढा, पात्रतेचा अर्ज भरा आणि तुमचा अभ्यासक्रम त्यांच्याशी जुळतो का याची वाट बघा. नकाशावर दोन्ही तालुके जुन्नरच्या शेजारचेच.

आता कोणी म्हणेल, मग विद्यापीठाच्या आत तरी सगळं सोपं असेल. जुन्नरच्या श्री शिवछत्रपती महाविद्यालयातून, ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयातून, मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयातून किंवा घोडेगावच्या बी. डी. काळे महाविद्यालयातून निघायचं आणि पुण्यात शिवाजीनगरला उतरायचं. सोपं आहे, पण सरसकट नाही, आणि इथेही आडवे येतात ते मार्क नव्हेत. पूर्वी बी.ए.ला ‘स्पेशल’ विषयाचं गणित असायचं. एस.वाय.ला जी-टू, एस-वन, एस-टू. घोडेगावात भूगोल स्पेशल घेतलेल्याला नव्या कॉलेजात भूगोलाची जागा नसली की संपलं. नव्या धोरणात स्पेशलच्या जागी मेजर आणि मायनर आले, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानप्रणाली अशी भलीमोठी टोपली. प्रत्येक कॉलेजाच्या टोपलीत त्याच्याकडे शिक्षक आहेत तेच विषय असणार. मंचरचं मेजर पुण्यातल्या कॉलेजात मिळेल, मायनर मिळेलच असं नाही. एस.वाय.ला आलेल्या मुलाला मग पहिल्या वर्षाचा एखादा विषय मागे जाऊन करायला सांगतात. पास झालेला मुलगा नव्या जागी पाऊल टाकताच बाकीदार होतो.

आणि ‘पॅटर्न’? विद्यापीठ दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतं आणि त्या त्या वर्षाच्या नावाने तो ओळखला जातो, २०१९ पॅटर्न, २०२४ पॅटर्न. राज्यात नवं धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यामुळे एक विचित्र प्रकार घडला. एखाद्याने २०२३-२४ मध्ये जुन्नरला एफ.वाय. केलं, घरच्या अडचणीने वर्षभर थांबला आणि परत आला, तर त्याच्या मागच्या तुकडीचा अभ्यासक्रमच वेगळा. त्याच्या वर्गातली मुलं पुढे गेलेली, आणि ज्या वर्गात तो बसणार त्याची क्रेडिटची उतरंड निराळी. गुण उत्तम असले तरी ते दुसऱ्या चलनातले. जुनी नोट खोटी नसते, पण दुकानदार ती हातात फिरवून बघतोच.

स्वायत्त कॉलेजांचा मुद्दा तर आपल्याकडच्या पालकांना बहुधा कोणी सांगतच नाही. फर्ग्युसनच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव असतं, तरी तिथला अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुणदान कॉलेजचं स्वतःचं. म्हणजे ओतूर ते फर्ग्युसन हा एकाच विद्यापीठातला प्रवास असला तरी व्यवहारात तो छोटा माळशेज घाटच. पुण्याच्या मोठ्या कॉलेजात जायचं मनात असेल तर ते पहिल्याच वर्षी जावं, किंवा पदवी गावाकडे पुरी करून एम.ए., एम.एस्सी.ला जावं, असं माझं मत आहे. पदव्युत्तरच्या दारात सगळ्यांची नव्याने मोजणी होते आणि तिथे तीन वर्षांचे गुण खरोखर उपयोगी पडतात. मधल्या वर्षात शिरणं म्हणजे चालत्या एसटीत चढणं. चढता येतं, पण पिशवी खाली राहते.

गुणांचा खरा कस पाहायचा असेल तर मंचरजवळच्या अवसरी खुर्दला जावं. त्या एकाच गावात शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं, ही आपल्या भागातल्या मुलांनी चांगली मळवलेली वाट आहे. हेही एक प्रकारचं स्थलांतरच, पण नियमाने बांधलेलं. डिप्लोमा राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा, पदवी विद्यापीठाची, आणि मधला पूल कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा. पात्रतेला डिप्लोमात ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. पण पात्रता म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी. शासकीय कॉलेजात कॉम्प्युटरची जागा हवी असेल तर ४५ टक्क्यांना कोणी विचारत नाही. इथे सीईटी नाही. डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं आणि अर्ध्या टक्क्याने शाखा बदलते. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या न भरलेल्या जागा. मागणी कमी असलेल्या शाखेत त्या मुबलक, मागणी असलेल्या शाखेत चिमूटभर. गुणांचं वजन हे असं जागांवरून ठरतं. बेल्हे, कुरण या बाजूच्या खासगी कॉलेजांतही हीच प्रक्रिया आणि हेच गुण, पण रांगेची लांबी निराळी.

डिप्लोमावाल्या मुलांची एक खासियत इथेच सांगून टाकतो. वर्कशॉपमध्ये ती बारावीवाल्यांना दोन गोष्टी शिकवतात आणि एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, त्यांच्याच वह्या मागतात. पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी या पद्धतीने केलेलं नसतं. डिप्लोमाचे ८५ टक्के दारापर्यंत सोडतात; आतला एम-थ्री त्यांना ओळखत नाही.

टक्के आणि सीजीपीए यांच्यातलं रूपांतर हा आणखी एक घोळ. सीजीपीए ७.७५ असला की घरचे दहाने गुणून ७७.५ टक्के सांगून मोकळे होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ७.७५ ला ७० टक्के धरले आहेत. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला जे सूत्र वापरलं गेलं, ७.१ ने गुणून ११ मिळवायचे, त्याने उत्तर येतं साधारण ६६. मुलगा तोच, मेहनत तीच, आणि साडेअकरा टक्क्यांचा फरक. म्हणून दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करताना नुसती मार्कलिस्ट न देता आपल्या विद्यापीठाचं रूपांतराचं अधिकृत पत्रक किंवा दाखला जोडावा. नाहीतर समोरचा आपल्या सूत्राने मोजतो आणि तो मोजतो तेच खरं ठरतं.

या सगळ्यावर उतारा म्हणून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे नियम काढले. कल्पना सोसायटीच्या पासबुकासारखी: ज्या संस्थेत शिकलात तिने क्रेडिट तुमच्या खात्यात जमा करायची, पुढच्या संस्थेने ती तिथून उचलायची. जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात, आणि ज्या संस्थेची पदवी हवी तिथे निदान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांची पदवी, चौथं वर्ष ऑनर्सचं. एफ.वाय.नंतर लग्न होऊन नारायणगावची मुलगी श्रीगोंद्याला किंवा सिन्नरला गेली, तर तिची ४४ क्रेडिट वाया जाऊ नयेत, ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. आपल्या भागात कॉलेज बदलण्याचं ते फार मोठं कारण आहे आणि धोरणाच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचित होतो. पण बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानात माल असतोच असं नाही. क्रेडिट खात्यात असली तरी नव्या कॉलेजात जागा हवी, तो विषय हवा, आणि बँकेत चढतात ती फक्त पास झालेल्या विषयांचीच. चार क्रेडिटच्या विषयात ४० मिळवलेल्याला चार, ९० मिळवलेल्यालाही चारच. श्रेणी शेजारी लिहिलेली असते, क्रेडिट मात्र समान.

अमेरिकेत हा हिशेब थोडा वेगळा चालतो. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबं पुष्कळ. तिथली बरीच मुलं खर्च वाचवायला आधी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढतात आणि मग रटगर्ससारख्या विद्यापीठात जातात. २००७ मध्ये त्या राज्याने कायदाच केला की कम्युनिटी कॉलेजची पदवी घेऊन आलेल्याची क्रेडिट सरकारी विद्यापीठाने मानावीत. तिकडे विषयात साधारण ‘सी’ श्रेणी असेल तरच क्रेडिट पुढे जातं. ‘डी’ने पास झालात तर पास खरे, पण ते क्रेडिट जुन्याच कॉलेजात राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला बदलीसाठी चारपैकी निदान २.४ जीपीए लागतो, आणि नामांकित शाखांना प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त. नव्या विद्यापीठात जीपीए बहुधा कोऱ्या पाटीवर सुरू होतो. आपल्याकडे विद्यापीठ तेच राहिलं तर पाटी कधीच कोरी होत नाही; एफ.वाय.चा सी टी.वाय.च्या शेवटच्या ओळीपर्यंत सोबत येतो.

वैद्यकीयचं मात्र सगळ्यांहून निराळं. तिथे पूर्वी पहिली व्यावसायिक परीक्षा पास झाल्यावर, मोजक्या जागांवर कॉलेज बदलता येई. २०२३ च्या नियमावलीने ते दारच लावून घेतलं. गुण कितीही असोत.

गुणांचा धक्का आणखी एका ठिकाणी बसतो, आणि तो भीमाशंकरच्या अंगाच्या गावांना जास्त. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडची आदिवासी मुलं कॉलेज बदलतात ती बहुतेकदा वसतिगृहाच्या भरवशावर. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळते ती मागच्या परीक्षेच्या गुणांवर. कॉलेजने घेतलं आणि वसतिगृहाच्या यादीत नाव नाही आलं, तर तो प्रवेश कागदावरच राहतो, कारण पुण्यातल्या खोलीचं भाडं कुणाला परवडतं? म्हणजे जे दोन-चार मार्क कॉलेजच्या खिडकीवर कोणी पाहिले नाहीत, तेच वसतिगृहाच्या यादीत शिकणं किंवा न शिकणं ठरवतात. शिष्यवृत्तीचंही बघून ठेवावं. महाडीबीटीवरचा त्या वर्षाचा अर्ज नव्या कॉलेजकडूनच पुढे जातो. आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांत पात्र मुलींना २०२४ पासून मिळालेली शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून कॉलेज बदलून घेतलं तर ती धरून चालू नये.

उरला टी.सी. हा कागद सगळ्यात शेवटी काढायचा, आणि नेमकी हीच चूक लोक करतात. उत्साहाच्या भरात आधी जुन्या कॉलेजातून नाव काढून घेतात, नव्या ठिकाणी जागा भरलेली निघते, आणि परत येईपर्यंत जुन्या वर्गाचीही यादी बंद झालेली असते. आधी नव्या कॉलेजचं लेखी पत्र हातात घ्यावं, विषय जुळतात याची खात्री करावी, मग एका हाताने टी.सी. घेऊन दुसऱ्या हाताने तो जमा करावा. मार्कलिस्टच्या झेरॉक्स सांभाळून ठेवाव्या, कारण मूळ प्रती एकदा फायलीत गेल्या की लवकर बाहेर येत नाहीत.

ज्या कागदाशिवाय कुठेच जाता येत नाही, त्या टी.सी.वर गुणांचा रकानाच नसतो. जन्मतारीख असते, जात असते, सोडण्याचं कारण असतं. आणि बऱ्याच दाखल्यांवर ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात. त्यांत बाबू सवयीने एकच शब्द दोनदा लिहितात. ६.२७ वालीलाही आणि ७.३६ वालीलाही. ‘चांगली.’ ‘चांगली.’